न उघडलेली वही

मित्रांनो, मी लाकडी मुठीचा एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या रबरावर 'रद्द' एवढीच अक्षरं उलटी कोरलेली आहेत. कोठी नावाच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत मी घडलो आणि विद्यानगरच्या लहानशा मराठी वाचनालयात आलो. तिथला नियम होता, पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय शिक्क्याला हात लावायचा नाही. ग्रंथपाल मुकुंदराव तो इतका पाळत की वर्षातून चार-पाचदाच मला शाई लागे. त्याचा मला अभिमान होता.

१९९३ साली संगणकवर्गासाठी पुस्तकांची एक खोली रिकामी करायचं ठरलं. वाचनालयाच्या चिटणिसांनी दोन दिवस दिले. मुकुंदराव न उघडताच वेष्टनांवर शिक्के मारत सुटले. त्यात एक कापडी पाठीची वही होती. मलकपेठच्या अंबाजींनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर सहा वर्षं खपून पालीतली बुद्धवचनं तिच्यात मराठीत उतरवली होती आणि ती वाचनालयाला दिली होती. मी तिच्यावर उमटलो.

आठवड्याने अंबाजी आले. "मुकुंदराव, माझी वही द्या जरा. एक शब्द दुरुस्त करायचाय."

मुकुंदराव गडबडले. "दत्तोबानं टाकली असेल रद्दीत."

शिपाई दत्तोबा दारातच होता. "हौ, मीच टाकली. पण साहेब, मला वाचता कुठं येतं? निळा शिक्का दिसला की टाकायचं, तुम्हीच शिकवलं ना?"

मुकुंदरावांची मान खाली गेली. "चिटणिसांची घाई होती... नाही. मीच मारला शिक्का, न बघता. अंबाजी, माफ करा."

अंबाजी म्हणाले, "माझा राग जाईल. पण केलेलं तुमच्यापाशीच राहणार. बुद्धसुद्धा ते उचलून घेत नाहीत, वाट तेवढी दाखवतात. आत्ता लाज वाटली ना? पालीत तिला हिरी म्हणतात. तिला जपा. आणि माफी आधी दत्तोबाची मागा."

मुकुंदरावांनी हात जोडले. "नक्को साहेब," दत्तोबा ओशाळला, "तुम्ही हात जोडले तर चहा मला पाजावा लागेल."

वही कोठीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत शोधली, रद्दीवाल्यांकडे शोधली. मिळाली नाही. मग दर गुरुवारी अंबाजी आठवून सांगत आणि मुकुंदराव लिहून घेत. या दुसऱ्या वहीला आठ वर्षं लागली.

मित्रांनो, लाकडाला आणि रबराला मन नसतं, म्हणून दोषही नसतो, असं मी स्वतःला समजावतो. तरी त्या कापडी पाठीची आठवण आली की माझी शाई सुकते. तुमच्या हाती कधी माझ्यासारखं काही आलं, तर आधी एक पान उघडा.

आता मी खणातल्या डबीत असतो. झाकणावर मुकुंदरावांच्या अक्षरात चिठ्ठी आहे : "हा शिक्का मी मारला होता."