चांगुणाकाकूचा हेल

मुलाखत पेपरात छापून आली त्या दिवशी निकिताने सहा अंक विकत घेतले. शेवगावकडच्या कपाशीच्या वावरात वाढलेली पोरगी पुण्यात जॅझ गाते, याचं पेपरवाल्यांना भारी अप्रूप. गावात मात्र जॅझ कुणाच्या कानाला नीट बसलाच नव्हता. निम्मं गाव अजून 'निकी झांज वाजवती' असंच सांगायचं. मुलाखतीत आवडीनिवडी विचारल्या होत्या. घाईचं गाणं आवडत नाही, गोड गळे आवडत नाहीत, सकाळी कोऱ्या चहाशिवाय आवाज उघडत नाही, असं सगळं निकिताने ऐटीत सांगितलं. मग प्रश्न आला, तुमच्या गाण्यावर प्रभाव कुणाचा? परदेशातल्या चार जुन्या गायिकांची नावं घेऊन झाल्यावर तिला वाटलं, आता खरं बोलावं. ती म्हणाली, "माझी चुलती. माझे काका, हनुमंतनाना, वारले तेव्हा ती हेल काढून रडली. ठेक्याच्या मागे राहून सूर कसा वाकवायचा, हे मी तिथं शिकले."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

आठवड्याने काकूचा फोन आला. निकिताचे आईबाप दर दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे. पोरीला वाढवलं ते या चांगुणाकाकूनेच. फोनवर ती एवढंच बोलली, "मी मेले तर माझ्या मातीला येऊ नको." आणि फोन ठेवला. या भागात मातीला यायला वैऱ्यालाही कुणी अडवत नाही. पोटच्या पोरीसारख्या पोरीला अडवणं म्हणजे तिला जिवंतपणी पुसून टाकणं. तो शब्द मागे घ्यायला लावायचाच, म्हणून निकिता दुसऱ्या दिवशी यष्टीने गावी आली.

काकू अंगणात तूर पाखडत होती. ये म्हणाली नाही, सूपही थांबवलं नाही. फोलपटं निकिताच्या अंगावर उडत राहिली.

"काकू, मी तुझं कौतुकच केलं गं."

"रतनबाईनं देवळाम्होरं पेपर वाचून दावला," काकू म्हणाली. रतनबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, जिभेला हाड नसलेली. "म्हनली, तरीच चांगुणा एवढी सुरात रडत हुती. नवरा मेला हुता का गान्याचा कार्यक्रम हुता."

"तिला काय कळतंय?"

"तिला न्हाई कळत. तुला तर कळत हुतं ना?"

निकिता चिडली. चूक कळली की माणूस आधी चिडतं. ती म्हणाली, "जॅझ असाच जन्मला, काकू. तिकडं मळ्यांत राबणाऱ्या लोकांच्या दुःखातून. त्यात लाज कसली?"

"त्यांनी त्यांचं रडू गायलं. तू माझं गायलंस."

"बरं, चुकलं माझं. पेपरात तसं छापायला लावते."

"काय छापशील? चांगुणा बेसूर रडली म्हनून?"

"मग मी करू तरी काय? तूच सांग. पण मातीचा शब्द मागं घे."

काकूने सूप खाली ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिने निकिताकडे सरळ पाहिलं, आणि त्या बघण्यात माया नावालाही नव्हती.

"त्या दिशी समद्या बाया रडत हुत्या. तू खांबाला टेकून बसली हुतीस, डोळं कोरडं ठक्क. मला वाटलं, पोरीनं हाय खाल्ली, नानाची लाडकी हुती. म्या माझं रडू तितंच टाकलं आन उठले. तांब्यानं तुला पानी पाजलं, पोटाशी धरलं. धा वरसं झाली, समद्यांना सांगत आले, निकीनं लई मनाला लावून घेतलं. आन तू आयकत बसली हुतीस. व्हय का न्हाई?"

नाही म्हणायला निकिताने तोंड उघडलं. हनुमंतनानांवर तिचा जीव होता. सायकलच्या दांडीवर बसवून ते तिला बाजारला न्यायचे. ते गेल्याचं दुःख झालं होतं, हेही खोटं नव्हतं. पण तिला ते अंगण आठवलं. 'आवो धनी' म्हणून झाल्यावर काकू दरवेळी क्षणभर थांबायची आणि मग उशिराने, वरून घसरत सुरावर यायची. निकिता त्या जागेची वाट बघत होती. पुन्हा येईल, आता येईल, म्हणून श्वास धरून बसली होती. तेवढ्यात काकू रडायची थांबली आणि तांब्या घेऊन समोर आली. निकिताला तेव्हा राग आला होता. ही बाई मध्येच का थांबली, म्हणून राग आला होता.

"व्हय," निकिता म्हणाली.

काकूने सूप उचललं.

"यष्टी पाचला हाय," ती म्हणाली.