मानीबाईची भिंत

"बंद करा, बंद करा! पुन्हा तुंबलं!"

ऋजुता मॅडम लॅपटॉप ठेवून धावल्या. पत्र्याच्या शेडमधला तो माणसाहून उंच लोखंडी हात हवेतच थबकला. त्याच्या टोकाच्या नळीतून गारा यायचा थांबला, आणि सकाळपासून थरावर थर देत आणलेल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. त्या दिवसातला तिसरा.

गारा तुडवणाऱ्या चार बायांपैकी तिघी खाली मान घालून उभ्या राहिल्या. नलूला मात्र राहवलं नाही.

"मॅडम, हे काळी माती लय हावरी हाय. मस्त पाणी पेते अन् वाळली का फाटते. हिच्यात पऱ्हाटीचा कितीबी भुसा घाला, ते फाटनच."

पुण्याच्या एका संस्थेचे हे लोक दिवाळीनंतर गावात आले होते. पांढरकवड्याहून अकरा किलोमीटर आत, हायवे सोडून. गावची माती आणि शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, घेऊन संगणकाच्या हुकमानं घर रचायचं, असं त्यांचं संशोधन होतं. बोंडअळीचं वर्ष होतं ते. बोंडं आतून किडलेली, उभ्या कपाशीत लोकांनी रोटावेटर घातलेले. पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्या-बांधांवर फुकट पडले होते. नलू तिथं रोजानं लागली. आठ दिवसांत मॅडमच्या ध्यानात आलं, की या बाईनं गारा तळहातावर वळून 'आज पाणी जास्त झालं' म्हटलं, की त्या दिवशी खरंच थर खचतो.

"मग कुठली माती फाटत नाही, मावशी?"

इथं नलूनं गप्प बसायला हवं होतं. पण बावन्न वर्षांत तिला कोणी असं काही विचारलंच नव्हतं. तिनं पाय धुतले, मॅडमला आपल्या घरी नेलं आणि पडवीच्या भिंतीवर थाप मारली.

"हे पाहा. पांढरी. माह्या सासूनं, मानीबाईनं, हातानं घातली. महिनाभर गारा कुजू देल्ला होता तिनं. साठ वर्षं झाले, एक भेग दाखवा मले."

मॅडमनी भिंतीचा कोपरा नखानं खरवडला. ती चिमूट त्यांनी एका छोट्या पिशवीत भरली आणि वर तारीख लिहिली.

पंधरा दिवसांनी संस्थेचे मोठे सर गाडीनं आले. घराभोवती दोनदा फिरले. मग खाटेवर बसून चहा घेत म्हणाले, "मावशी, हे पाडून याच मातीचं आम्ही तुम्हाला याच जागेवर नवीन घर करून देतो. एक रुपया नको. पावसाळ्याच्या आत तुम्ही राहायला जाल. असं घर देशात कुठं नाही."

उकंडा भिंतीला पाठ लावून बसला होता. तो नलूचा नवरा. मागच्या आश्विनात दुसऱ्याच्या शेतात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत औषधाची फवारणी करता करता तो कोसळला होता. दवाखान्यातून जिवंत परत आला, पण डोळे तिथंच राहिले. तेव्हापासून तो घरात भिंतीला हात लावून हिंडायचा. ही चूल, हा रांजण, हे दार. भिंत धरली की त्याला कोणाची गरज लागत नसे.

"मले नाई पाह्यजे नवं," तो म्हणाला. "हे भिंत मले ओयखते."

"अवो, छत गळते ना. तुमाले दिसत नाई, मले रात्रभर गळतीखाली गंज-भांडे सरकवा लागते," नलू म्हणाली.

यवतमाळला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, मोनालीला, तिनं फोन लावला. मोनाली एवढंच म्हणाली, "आई, त्याहिच्यापासून कागद लिहून घे."

नलूनं मॅडमला कागदाचं विचारलं. मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "मी आहे ना, मावशी." आणि एक कागद पुढं केला. इंग्रजी होता. नलूनं सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली. सही करता येते, याचा तिला अभिमान होता.

घर पाडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. नलूनं आधी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो उतरवून पदरात गुंडाळला. उकंडा लिंबाखाली बसून होता. भिंत पडल्याचा प्रत्येक आवाज आला की तो विचारायचा, "हे कोणती? चुलीकडली का?" नलू सांगायची. शेवटी त्यानं विचारणं सोडलं.

त्या मातीनं मात्र कमाल केली. नळी एकदाही तुंबली नाही. मॅडम त्यात कसलीशी पांढरी भुकटी मिसळत. "लवकर वाळायला," म्हणाल्या. लोखंडी हात शेडमध्येच भिंतीचे तुकडे पाडायचा, दोन-दोन हातांचे, बाकदार. ते नंतर जागेवर नेऊन जोडायचे होते. असे चौसष्ट तुकडे झाले. नलूनं एकदा उकंडाला शेडमध्ये नेलं. त्यानं थरांवरून बोटं फिरवली आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"नले, हे त सोऱ्यातून शेव पाडल्यावानी हाय."

"हो, अन् त्याच शेवेच्या घरात राहाचं हाय तुमाले."

फोटोवाले आले. शेडमध्ये चार तुकडे एकावर एक रचून नलूला त्यापुढं उभं केलं. 'यंत्रानं बांधलं नलूबाईंचं घर' अशा मथळ्यानं तो फोटो पेपरात छापून आला. मोनालीनं तो पेपर होस्टेलच्या पोरींना दाखवला.

मे महिन्यात ट्रक आला. माणसांनी एकेक तुकडा लाकडी खोक्यात भरला, भोवती गवत कोंबलं. दोनशे पावलांवरच्या जागेसाठी एवढी खोकी कशाला, असं नलूच्या मनात आलं. पण शहरातले लोक जपून काम करतात, अशी तिनं आपली समजूत घातली. ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. सकाळीच तिनं ती झाडून, सडा घालून ठेवली होती.

ट्रक शेडमधून निघाला, वळला आणि हायवेच्या दिशेनं गेला.

नलू धावत शेडवर आली. ऋजुता मॅडम बॅग भरत होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"प्रदर्शन आहे, मावशी. चार महिन्यांचं. मग परत आणतील. मी सरांना बोललेय."

"अन् पाऊस? पाऊस थांबते का चार महिने?"

मॅडमनी बॅगेची चेन ओढली.

त्या रात्री मोनालीनं सही केलेल्या कागदाचा फोटो मागवून घेतला आणि फोनवर वाचून दाखवला. "आई, ह्याच्यात घराचं कायीच नाई. तू माती राजीखुशीनं देऊन राह्यली, एवढंच लिहेल हाय."

पावसाळाही त्यांनी जागेच्या कडेला बांधलेल्या ताडपत्रीखालीच काढला. लोकांच्या वरांड्यात जायला उकंडा तयार होईना. ताडपत्रीला हात लावला की ती मागं सरायची. चालताना धरायला काहीच नव्हतं. श्रावणात तो दोनदा नालीत पडला. दुसऱ्या वेळी खुबा दुखावला. मग त्यानं चालायचंच सोडलं. नलू त्याला धरून बाहेर न्यायची आणि तो परक्या बाईनं धरावं तसा अंग चोरायचा.

प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेचा फोन आला. तिथं नलूचा सत्कार होता. दोघांचं जायचं-यायचं तिकीट संस्थेचं.

हॉलमध्ये पहाटेसारखा गारवा होता. मधोमध, वरून सोडलेल्या उजेडात, तिचं घर उभं होतं. गोल, बदामी, शेवेच्या रेघांचं. भोवती जाड दोर बांधलेला. नलू पाहतच राहिली. इतकं देखणं होईल, असं तिला वाटलंच नव्हतं.

"कसं हाय?" उकंडानं विचारलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली.

त्यानं हात पुढं केला आणि दोरापलीकडं झुकून भिंत चाचपडू लागला. पहारेकरी धावत आला. "ओ बाबा! हात लावायचा नाही, हात लावायचा नाही!" उकंडानं विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला आणि आवाज येत होता त्या दिशेला वळून हात जोडले.

शाल झाली, श्रीफळ झालं. सर म्हणाले, "मावशी, दोन शब्द बोला." नलूनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"जयभीम. मले एकच इचारा लागते. माह्यं घर मले केव्हा परत भेटन? आमचा पावसाळा ताडपत्रीत गेला. माह्या मालकाले दिसत नाई."

पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. सर हसले. त्यांनी अलगद माईक घेतला आणि विदेशी पाहुण्यांकडं वळून इंग्रजीत काही सांगितलं. पाहुणे उठून उभे राहिले. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. एका गोऱ्या बाईनं डोळे पुसले.

"काय सांगतलं साहेबानं?" खाली आल्यावर नलूनं ऋजुता मॅडमला विचारलं.

मॅडमची नजर जमिनीवर होती. "सांगितलं, की... तुम्हाला हे घर अगदी स्वतःचंच वाटतं."

नलूनं हातातलं श्रीफळ काखेत धरलं. मग म्हणाली, "मंग परत कवा?"

"नाही येणार, मावशी. सोमवारी चाचणीला जातंय. यंत्रात घालून दाबतात. किती भार पेलतं, ते बघायचं असतं." मॅडम थांबल्या. "तुटेपर्यंत."

"तुटल्यावर चुरा त देसान? पोत्यात भरून नेतो मी. पुन्हा भिजवतो, पुन्हा घालतो."

"आम्ही त्यात ती भुकटी मिसळलीय ना... त्या चुऱ्याची आता पुन्हा माती होत नाही."

नलूनं मान हलवली. मातीतलं तिला कळत होतं, म्हणून हे लगेच कळलं. खांद्यावरची शाल काढून तिनं उकंडाला पांघरली. त्या हॉलमध्ये तो कुडकुडत होता.

गावी आल्यावर सरकारी घरकुलाची यादी लागली. नलूचं नाव तीन वर्षांपासून त्यात होतं, या वेळी खोडलेलं निघालं. ग्रामपंचायतीतल्या बाबूनं फाइलीतून पेपरचं कात्रण काढलं. "तुमचं त घर झालं ना, बाई. फोटो हाय." मोनालीनं तीनदा अर्ज केले. दुसऱ्या वर्षीच्या माघात कुठं तपासणीचा माणूस आला. घाईत होता; त्याला अजून सहा गावं करायची होती. त्यानं फोटोसाठी मोबाइल काढला.

"लाभार्थ्यानं घरासमोर उभं राहा लागते."

"कोणत्या?" नलूनं विचारलं.

त्यानं मान वर करून पाहिलं. कमरेएवढं तरोट्याचं तण वाळून उभं होतं, त्यापलीकडं ताडपत्री. तो जरा ओशाळला. "जागेसमोर राहा मंग. इथं."

नलू ताडपत्रीत गेली. उकंडाला उठवून, काखेत हात घालून बाहेर घेऊन आली. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून ओला हात फिरवला.

"बाबाले काहून आणलं? एकाच माणसाचा चालते," तपासणीवाला म्हणाला.

"दोघायचाबी घ्या," ती म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मोबाइल कुठं आहे ते पाहिलं आणि उकंडाची हनुवटी धरून त्याचं तोंड तिकडं वळवलं.