पेजेवरची गोळी

दवनीवाड्याच्या बकारामला पुन्हा ताप भरला. रक्ताच्या काचेवर मलेरियाचे जंतू स्पष्ट दिसत होते.

नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या मलेरियावर नवं औषध तयार झालं होतं. गोंदियातली त्याची चाचणी डॉ. आचल पाहत होत्या. बकारामनं त्याच गोळ्या नुकत्याच पूर्ण केल्या होत्या. बकारामवर ते खरंच हरलं असेल, तर चाचणी थांबणार होती. बकारामला दवाखान्यात ठेवून दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली, त्याचा ताप उतरला. नव्या औषधाचं काय, हे मात्र कळेना.

मग रक्ताचा अहवाल आला. रक्तात औषध जेमतेम होतं.

"गोळ्या फेकल्या असतील," आचल म्हणाल्या.

"नाही मॅडम. मी रोज समोर बसून गिळायला लावल्या," घरोघरी गोळ्या देणारा ओमेश म्हणाला.

दोघं बकारामच्या घरी गेले. फेकण्याची गोष्ट काढताच त्याची बायको पुष्पाबाई भडकली.

"कायले फेकीन बाई? नवरा हाय माझा. तुमच्या ओमेशसमोर पेज पाजली अन् पेजेवर गोळी चारली."

"पेज? गोळीबरोबर दूध द्यायला सांगितलं होतं ना?"

"तापात दूध कोन देते? तापल्या आंगाले दूध, तेल, तूप काईच चालत नाई. डॉक्टर झाल्या, अन् एवढं नाई समजत?"

"मग रोज दुधाची पिशवी येत होती, ती?"

पुष्पाबाईनं हनुवटीनं ओमेशकडे खूण केली. "याले चहा करून देत होती. घरी आल्या मानसाले कोरा चहा देऊ का?"

ओमेश जमिनीकडे पाहू लागला. "मला वाटलं, घरचंच दूध आहे. मी फक्त गोळी गिळली का तेवढंच बघत होतो."

"म्हून दोन दोन कप पेत होता," खाटेवरून बकाराम म्हणाला. "माझी पेज अन् याचा चहा. माझं दूध याच्याच आंगात पोचलं."

आचल हसल्या, पण चूक त्यांचीही होती. हे औषध स्निग्ध पदार्थाबरोबरच रक्तात उतरतं. गोळ्यांसोबत दिलेल्या सूचनांच्या कागदावर त्यांनी 'दुधासोबत घ्यावे' एवढंच लिहिलं होतं, का ते लिहिलं नव्हतं. आमगावला त्यांची आईसुद्धा तापात पेजच देत असे.

"पुष्पाबाई, दूध नसलं तर ही गोळी पोटातून तशीच निघून जाते. ते दूध खाण्यापिण्यातलं नाही, दवाईतलंच आहे."

"दवाई हाय तं मंग तसं सांगाचं ना. म्या काऊन नाई म्हटलं असतं?"

बकारामची नोंद 'अपयश' अशीच राहिली. आचल यांनी तिच्यापुढे कारण लिहिलं. चाचणीच्या समितीनं ते तपासलं आणि पुढं जायला परवानगी दिली. आता दूध दवाखान्यातल्या मापाच्या पेल्यात, गोळीआधी, समोर प्यायचं असं ठरलं.

पुढची रुग्ण शेजारची प्रेमिला. तिच्या सासूनं पेल्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. पुष्पाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "पेऊ दे वो. दवाई हाय ते."

प्रेमिलाच्या रक्तात औषध पुरेसं उतरलं. नंतरच्या प्रत्येक तपासणीत काच स्वच्छ निघाली. एका रुग्णावरून औषध सिद्ध होत नाही, हे आचल जाणून होत्या. तरी ती काच त्यांनी पुन्हा एकदा, उगाचच, भिंगाखाली धरली.

बाहेर सडक अर्जुनीहून आलेला तापाचा रुग्ण बसला होता. त्यांनी त्याला आत बोलावलं.