ताईच्या हाताचं माप

करंगळी पोहोचली नाही. ताईने अंगठा खालच्या सुरावर ठेवला, पंजा ताणला, आणि तिची करंगळी दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीवर जाऊन टेकली. मी म्हटलं, नीट बस, स्टूल पुढे ओढ. तिने ओढलं. पुन्हा तेच. कोपर वर घे, म्हटलं. तिने घेतलं. मग मी शहाण्यासारखा तिच्याखालचं स्टूलच बदललं, जणू उंच बसलं की माणसाची बोटं लांब होतात!

अडीच वर्षं मी या एका पियानोपायी डोकं फोडून घेतलं होतं. तो आज सकाळी पूर्ण झाला होता.

जुने पियानो दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यातही गेली बारा वर्षं मी लहान हाताच्या माणसांसाठी पट्ट्या अरुंद करून देतो. पियानोच्या पट्टीची रुंदी कुणाच्या पंजावरून ठरवली देव जाणे, पण आमच्या ताईच्या नक्कीच नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक सप्तक धरायचं तर साडेसहा इंच लागतात. मी ते सहा इंचांत बसवतो. म्हणजे मूळच्या पट्ट्या काढून जपून ठेवायच्या आणि अठ्ठ्याऐंशी नव्या घडवायच्या. आत तारांवर आपटणारे हातोडे जागचे हलत नाहीत, त्यामुळे या नव्या पट्ट्या पुढून दाटीने बसलेल्या आणि मागे पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. प्रत्येकीचा तिरकेपणा वेगळा. एक जराशी फुगली की शेजारणीला घासते आणि दोघी अडकून बसतात.

परक्यांना मी असे नऊ पियानो करून दिले. सख्ख्या बहिणीचा नंबर दहावा लागला. याबद्दल मला कुणी बोललं नाही, पण बोलायला हवं होतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आता सदुसष्टची. चाळीस वर्षं तिने शाळेत मुलांना पियानो शिकवला. तिच्या आवडीची एक रचना आहे. तिच्या शेवटच्या पानावर उजव्या हाताने अख्खी सप्तकं धरत जायचं असतं. ताईच्या हातात ते मावायचं नाही. वरचा सूर वाजला की खालचा सुटायचा. ती मुलांना सांगायची, इथे दोन सूर आहेत, मी एक वाजवते, दुसरा तुम्ही मनात धरा. मुलं धरायची बिचारी. मला मात्र ती घरी वाजवायची तेव्हा शेजारच्या खोलीत बसून तो न वाजलेला सूर दर वेळी टोचायचा. ते पान एकदा पूर्ण वाजवायचं, एवढंच तिला हवं होतं. सबंध आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

पट्ट्यांचा पहिला संच सहा महिन्यांत झाला होता. लाकूडवाल्याने शपथेवर सांगितलं होतं, लाकूड वाळलेलं आहे. हवा दमट झाली मात्र, निम्म्या पट्ट्या फुगून एकमेकींत रुतल्या. मी त्याच्या वखारीत जाऊन त्याला नाही नाही ते बोललो. मग ठरवलं, आता कुणाचा भरवसा नको, फळी घरात आणून आपणच वाळवायची. सव्वा वर्ष ती आमच्या पलंगाखाली होती. दर आठवड्याला मी ती बाहेर ओढायचो, तिची जाडी मोजायचो, ओलावा मोजायचो, पुन्हा आत सरकवायचो. बायको म्हणायची, लग्नाला तीस वर्षं झाली, माझा ताप कधी मोजला नाहीत आणि फळीची मात्र नाडी धरून बसलायत. मी तिला सांगायचो की यातलं तुला काही कळत नाही.

ताई अधूनमधून विचारायची, कुठवर आलं रे. मी तिच्यावर खेकसायचो. घाई केली की काय होतं ते बघितलंस ना, म्हणायचो. मागच्या वर्षीपासून ती आली की पिशवीतली औषधाची बाटली काढून माझ्यापुढे धरायची, झाकण उघडून दे म्हणायची. काय ताई, एवढंसं झाकण, तू पण ना, असं म्हणून मी ते उघडून द्यायचो. अरे मूर्खा, तुझे डोळे काय फळीला चिकटले होते?

तर आज करंगळी पोहोचेना, तेव्हा आधी मी फूटपट्टी घेऊन सप्तक मोजलं. बरोबर सहा इंच. केसभर फरक नाही. माझं काम चोख होतं, म्हणून मी आणखीच चिडलो आणि ताईचा पंजा धरून म्हटलं, जरा ताण की! ती कळवळली. मग मी तिचा हात उलटसुलट करून पाहिला. सांध्यांना गाठी आल्या होत्या. करंगळी आत वळली होती.

"कधीपासून?"

"झालं दीड वर्ष."

"मग सांगायचं नाही?"

"तू त्या फळीत गुंतला होतास. वाटलं, तेवढ्यात होईल."

तिचं माप मी घेतलं होतं अडीच वर्षांपूर्वी, एकदाच. लाकूड बदलतं म्हणून ते दर आठवड्याला मोजलं. हा गाढवपणा माझ्याच धंद्यातला माणूस करू जाणे. तो अख्खा संच उचकटून खिडकीतून भिरकावून द्यावा असं मला वाटलं, आणि मला रडू यायला लागलं, तेही धड नाही, नुसतं नाकात.

आणखी एक संच करतो, मी म्हटलं. किती दिवस, तिने विचारलं. मी महिन्याचा वायदा करणार होतो, पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला खोटं बोलता येईना. उरलेली फळी पुरणार नव्हती. नवी आणायची, वाळवायची.

"आठ महिने. घाई केली तर."

मी फूटपट्टी तिच्या पंजाला लावायला गेलो. तिने हात मागे घेतला.

"आजचं माप घेऊन काय करतोस, छोट्या? आठ महिन्यांनी केवढा उरेल, त्याचा अंदाज धर."

मी जन्मात अंदाजाने काही कापलेलं नाही. पेन्सिल घेतली, शेजारी पडलेल्या लाकडाच्या तुकड्यावर लिहिलं, पावणेसहा. ताईने चष्मा लावून बघितलं.

"माझं मन राखू नकोस," ती म्हणाली. "अजून कमी कर."

मी ते खोडून साडेपाच लिहिलं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मी तोही खोडला.