अडून बसलेली टाकी

माझी बायको वाइन बनवते. मी टाक्या धुतो आणि विक्रीचं बघतो. माझी धाकटी बहीण प्रयोगशाळेत यीस्टवर काम करते. घरात तिला बारकी म्हणतात, आहे माझ्यापेक्षा वीतभर उंच.

एका हंगामात बायकोने एकाच द्राक्षरसाच्या दोन टाक्या भरल्या आणि दोन्हींत वेगवेगळ्या वाणांचं यीस्ट घातलं. पहिल्याने साखरेचा चट्टामट्टा केला. दुसऱ्या टाकीला मात्र पिकलेल्या पेअरसारखा असा काही सुगंध सुटला, की तळघरातून पाय निघेना. आणि थोडी साखर उरलेली असताना तिचे बुडबुडेच थांबले. बायकोने ऊब दिली, ढवळून पाहिलं. टाकी ढिम्म.

"पहिलीत मिसळून टाकू," मी म्हणालो.

"म्हणजे दोन्ही हातच्या जातील," असं म्हणत तिने बारकीला बोलावलं.

बारकीने नमुना तपासला. "वहिनी, रसात साखर दोन तऱ्हेची असते. तुझ्या यीस्टने ग्लुकोज संपवलं, फ्रुक्टोज पानात टाकलं. आता दारू इतकी वाढलीय, की ते खायची त्याच्यात ताकद नाही."

"तुझ्या दादासारखंच. आवडीचं आधी, उरलेलं बघू नंतर." बायको हसली. "फ्रुक्टोज मिटक्या मारत खाणारं कुणी आहे का?"

"आहे एक वाण. पण एकदम आत सोडलं तर दारूनेच मरेल. सवय लावावी लागेल."

मी मेलेल्या यीस्टचा गाळ खाली ठेवून वाइन स्वच्छ टाकीत काढली. बायकोने बादलीत कोमट पाणी आणि रस घेऊन नवं यीस्ट फुलवलं. फेस आला की त्यात अडलेली वाइन थोडीशी ओतायची आणि थांबायची. मध्येच बादली गप्प झाली. मी घाबरलो.

"दमलेत. जरा दम खाऊ देत," म्हणत तिने बादलीभोवती घोंगडी गुंडाळली.

बारकी बघतच राहिली. "वहिनी, मी यांना वाढवते, पण इतकी माया नाही लावत गं."

फेस परत आला, तेव्हा बादली टाकीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी बोलू लागली! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवांना मी मनातल्या मनात हात जोडले.

साखर पार उतरली, सुगंध जागेवर राहिला. पहिली वाइन चांगलीच होती. हिचा घोट घेतला की मात्र जो तो पेला पुन्हा पुढे करी.

"सुगंध त्या हट्टी यीस्टचाच," बारकी म्हणाली. "नव्या यीस्टने फक्त पान स्वच्छ केलं."

पुढच्या हंगामासाठी बायकोने तो हट्टी आणि हा नवा, असे दोन्ही वाण मागवले.