कोल्हापूरला न पोचलेला खोका

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. वय विचाराल तर जेमतेम चार महिने. तुम्ही हसाल, पण आमच्यातले बहुतेक जण आठवडाभरात उघडले जातात, चपटे होतात आणि रद्दीत जातात. त्या मानाने मी म्हातारा आहे.

बुऱ्हाणपुरातल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. जुन्या वह्या आणि वर्तमानपत्रं यांच्या लगद्याचे तीन कागद एकमेकांना चिकटवले होते आणि मधल्या कागदाला लाटांसारख्या घड्या होत्या. या लाटा माझ्या अंगात उभ्या आहेत, म्हणून माझ्यावर चार खोके रचले तरी मी वाकत नाही. त्या आडव्या असत्या तर पहिल्याच खोक्याखाली बसलो असतो.

ऑगस्ट संपता संपता आम्ही साडेतीनशे भाऊ गावातल्या शनवारा वेशीजवळ अलकाताईंच्या घरी आलो. अलकाताई दराबा करून गावोगावी पाठवतात. दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर हाताने फेटून फेटून केलेला पांढरा, हलका गोड पदार्थ. जिभेवर ठेवला की विरघळतो. लांब राहणाऱ्या भावांना भाऊबीजेला तो पोचावा म्हणून बहिणी महिनाभर आधी पत्ते देऊन ठेवतात.

पण मागच्या दिवाळीला एकतीस खोके पोचलेच नव्हते. कुरिअरच्या नोंदीत शेवटची ओळ एकच होती : मोठ्या गोदामात पोचला. त्यापुढे काही नाही. बहिणींचे फोन घेऊन घेऊन अलकाताई थकल्या होत्या.

"यंदा पुन्हा तसं झालं तर बाहेरगावचं बंद," त्या म्हणाल्या. "गावात खपेल तेवढंच करू."

हे ऐकून दराबा फेटणाऱ्या मालूबाईंचा हात परातीतच थांबला. त्या रोज सकाळी जवळच्या चांदनी गावाहून रेल्वेने येत. गावात खपेल तेवढ्याला दोन हात पुरले असते, आणि ते अलकाताईंचे होते.

अलकाताईंची मुलगी तृप्ती नुकतीच बीएस्सी झाली होती. तिने मागच्या वर्षीची यादी काढली.

"आई, हरवलेले सगळे लांबचे आहेत. खंडव्याचा नाही, भुसावळचा नाही. जे दोन दिवसांत पोचले ते पोचले. म्हणजे वाटेत दिवस जातात तसं काहीतरी बिघडतं. गर्दी सुरू व्हायच्या आत एक खोका पाठवून बघू."

तिने उचलला तो मी. तिने माझ्यात वाळूची पिशवी ठेवली, झाकणाच्या आतल्या बाजूला जाड पेनने आपला फोन नंबर लिहिला आणि बाहेर लेबल लावलं. कोल्हापूरला तिची मैत्रीण गायत्री राहते, तिचा पत्ता.

"काय भरलं गं पोरी?" मालूबाईंनी विचारलं.

"वाळू. दीड किलो. दराब्याच्या वजनाइतकी."

"रेती? अन् ती पोरगी काय म्हनंल? बुऱ्हाणपूरवाल्यांले दुसरं काही भेटलं नाही?"

"अहो मालूमावशी, हा प्रयोग आहे."

"असू दे ना. प्रयोगाचं तोंड कडूच ठेवावं असं पुस्तकात लिहिलंय का?"

तृप्ती हसत जेवायला गेली. तिची पाठ वळताच मालूबाईंनी परातीतले हात पदराला पुसले, माझी टेप सोडवली, वाळूशेजारी दराब्याची लहानशी डबी ठेवली आणि मला पुन्हा बंद केलं. मग माझ्या तोंडावरून, म्हणजे अगदी लेबलावरून, दोनदा हात फिरवला. "नीट जाय रे बाबा," त्या म्हणाल्या. प्रत्येक खोका त्या अशाच रवाना करत. माझ्या अंगावरून तसा हात पहिल्यांदाच फिरत होता. मला फार बरं वाटलं.

दुपारी कुरिअरचे पंडितभाऊ गाडी घेऊन आले. "बस एकच? भाभी, दसऱ्यानंतर गाडीत उंगली ठेवायला जगह राहत नाही. जे पाठवायचं ते आत्ताच निकाला," म्हणाले आणि मला मागे ढकललं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बंद ट्रकचा पत्रा इतका तापला की श्वास घेणं कठीण झालं. माझं लेबल फिकट पडू लागलं. मित्रांनो, या लेबलात शाई नसते. कागदावर एक थर असतो, तो यंत्रात तापला की काळा होतो आणि अक्षरं उमटतात. दुकानाच्या बिलावरची अक्षरं काही दिवसांनी विरतात, तसाच हा कागद. त्याला तूप लागलं की काळा रंग विरू लागतो, आणि उकाड्यात तर लवकरच. पदराला पुसलेल्या हातावरही तूप होतंच. मी सगळं पाहत होतो. पण खोक्याला कोण विचारतो?

गोदामात मी सरकत्या पट्ट्यावर चढलो. लेबल वाचणारा लाल उजेड माझ्यावर दोनदा पडला, यंत्र ओरडलं आणि मी बाजूच्या ढिगात गेलो. त्या ढिगात सगळे माझ्यासारखेच होते. कुठे जायचं ते माहीत असलेले, पण सांगता न येणारे. तिथे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी तिथल्या एका ताईने माझं झाकण उचलून पाहिलं. "अगं, याच्या आत नंबर आहे!" ती म्हणाली. बाकीच्यांच्या आत काही नव्हतं. तिने फोन लावला आणि तृप्तीने मला परत मागवलं.

अकराव्या दिवशी मी शनवाऱ्याला परत आलो. तृप्तीने माझं पांढरं पडलेलं लेबल पाहिलं, मला उघडलं आणि डबी बाहेर काढली.

"हे कुणी ठेवलं?"

परातीचा आवाज बंद झाला. "मीच," मालूबाई म्हणाल्या. "कोनाकडे नुसतं जाऊ नये म्हनून. मले वाटलं, एका डबीनं काय होतं? तुमचा प्रयोग नासला का?"

"नासला नाही. त्या दिवशी काय काय केलंत ते तसंच करून दाखवा. हात नका धुऊ."

माझ्या कुशीवर दोन नवी लेबलं लागली. एकावरून मालूबाईंनी हात फिरवला, दुसऱ्याला कुणी शिवलं नाही. तृप्तीने मला उजेडात तिरपं धरलं. पहिल्या लेबलावर पंजाची तुपकट चमक होती. मग तिने मला छपराच्या पत्र्यावर उन्हात ठेवलं. तिसऱ्या दुपारी सगळ्या मला बघायला वर आल्या. न शिवलेल्या लेबलावर पत्ता ठसठशीत होता. हात फिरवलेल्यावर 'कोल्हापूर'मधलं फक्त 'को' उरलं होतं.

मालूबाई तिथेच पायरीवर बसल्या. "म्हंजे एकतीस घरची भाऊबीज माझ्या हातानं बुडाली."

मग अलकाताई शेजारी बसल्या. "लेबल आधी लावा असं मीच सांगितलं होतं. तुमच्या हाताचं काही नाही त्यात. हात फिरवा, पण आधी. लेबल शेवटी, दाराजवळच्या टेबलावर, साबणाने हात धुऊनच."

"अन् हात धुतले का ते कोन बघंल?"

"तुम्हीच."

त्यानंतरचा महिना काय सांगू! लांबची गावं आधी, जवळची शेवटी, अशी तृप्तीची यादी भिंतीवर लागली आणि मालूबाई दाराजवळ उभ्या राहिल्या. "दाखव पंजा. तूप हाय. जाय, धू." अलकाताईंनाही दोनदा परत पाठवलं.

"मी तर फक्त उचलायला आलो, मालूबाई," पंडितभाऊ म्हणाले.

"पायानं उचलतो का?"

पंडितभाऊ मुकाट्याने नळावर गेले.

तीनशे बारा खोके गेले. भाऊबीजेच्या दिवशी कामाला सुट्टी होती, तरी मालूबाई सकाळच्या गाडीने आल्या आणि तृप्तीच्या फोनकडे बघत बसल्या. मी फळीवर होतो. दुपारी तृप्ती म्हणाली, "तीनशे नऊ पोचले. दोन घरांना कुलूप होतं. एका बहिणीने घराचा नंबरच चुकीचा दिला होता."

"नाव पुसून किती गेले?"

"एकही नाही."

"नीट बघ."

"बघितलं, मालूमावशी. एकही नाही."

अलकाताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी खोके जुलैतच सांगून ठेवू. पाचशे." मालूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मग निघते मी. भाऊ कधीचा पाटावर बसला असंल माझा."

मित्रांनो, मी कोल्हापूर पाहिलं नाही आणि आता पाहणारही नाही. माझे कोपरे नरम झाले आहेत, तळाशी वाळू अडकली आहे. तरी एक मागणं आहे. एखादी गोष्ट तुमच्याकडे काम न होता परत आली, तर रागाने फेकू नका. उलटून पालटून, आत डोकावून बघा. कुठे काय बिघडलं ते बहुतेक तिच्याच अंगावर लिहिलेलं असतं. आणि आमचं काम संपलं की टेप काढून, घडी घालून, कोरडं ठेवून आम्हाला रद्दीवाल्याकडे द्या. कोरड्या पुठ्ठ्याचा पुन्हा खोका होतो. भिजलेल्याचा फक्त चिखल.