दोनशे चौदा फोटोंचं पुस्तक

नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं मी मराठी टाइप करतोय, आणि ‘महेश्वरअण्णा, तुमच्या पानात चूक सापडत नाही’ हे ऐकायची मला सवय लागली होती. म्हणून एकनाथ सरांनी ई-बुकचं विचारलं तेव्हा मी एका दमात ‘होऊन जाईल’ म्हणालो. ई-बुक कशाशी खातात हेही मला माहीत नव्हतं.

सर आणि त्यांच्या पत्नी इंद्रायणीबाई, दोघंही केम गावच्या शाळेत शिक्षक. बाईंनी शाळेच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याची पानं मीच लावली. मागच्या वर्षी बाई गेल्या. सरांची नजर त्याआधीच गेली होती. आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो.

“सुनेला नोकरी आहे, घर आहे. तिला रोज किती वाचायला बसवू?” सर म्हणाले. “फोन पुस्तक वाचून दाखवतो म्हणतात. वर्षश्राद्धापर्यंत तेवढं करून द्या.” एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी व्हिडिओ बघत बसलो. पहिल्याच दिवशी कळलं की जुनी फाइल ज्या फॉन्टमध्ये होती, तो माझ्या कॉम्प्युटरबाहेर कुणी ओळखत नाही. मजकूर उचलून दुसरीकडं टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. फॉन्ट बदलून देणारं सॉफ्टवेअर लावलं, तर वेलांट्या एकीकडं आणि अक्षरं दुसरीकडं. कसंबसं एक प्रकरण सुधारलं, तर फाइलच उघडेना. ई-बुक तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं तीनशे बारा चुका दाखवल्या. मला! एक दुरुस्त केली, तर तीनशे चाळीस झाल्या. आत कुठंतरी एक कंस बंद करायचा राहिला होता, त्याच्यापायी अख्खं पुस्तक रुसून बसलं होतं. मी कीबोर्ड आपटला, बायकोवर ओरडलो, व्हिडिओतल्या माणसाला शिव्या घातल्या.

दोन गल्ल्या पलीकडं बिरदेव ई-बुकचं काम करतो. पण तो माझ्याच हाताखाली टायपिंग शिकलेला. त्याच्या दारात मी वही घेऊन जायचं? जीव गेला असता तरी गेलो नसतो.

वर्षश्राद्धाला चार दिवस राहिले तेव्हा मी पळवाट काढली. छापलेल्या पुस्तकाच्या दोनशे चौदाही पानांचे फोटो काढले आणि एकामागे एक फाइलमध्ये चिकटवले. आम्हा छपाईवाल्यांच्या लेखी पान म्हणजे चित्रच. डोळ्यांना नीट दिसलं की काम झालं. प्रोग्रॅमनं एकही चूक दाखवली नाही. पानं देखणी दिसत होती. फोनला ती वाचता येतात का, हे मी बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला अंदाज होता, म्हणूनच बघितलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दुपारी जेवणं झाल्यावर सरांनी पाहुण्यांसमोर मला शाल-श्रीफळ दिलं. “ह्यांच्यामुळं आज इंद्रायणी घरात बोलणार,” म्हणाले. त्यांच्या सुनेनं, यशोदावहिनींनी, फाइल उघडून फोन सरांच्या हातात दिला.

“इमेज,” फोन म्हणाला. सरांनी बोट सरकवलं. “इमेज.” आणखी एकदा सरकवलं. “इमेज.”

कुणीतरी खोकलं. सरांनी मी उभा होतो त्या बाजूला मान वळवली. “अण्णा, असं का म्हणतोय हा?”

“फोन जुना आहे, सर. सेटिंग बघावी लागेल,” मी म्हणालो. खांद्यावरची शाल सावरली आणि घरी निघून आलो.

तीन दिवस मला धड जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं गेलो, तर सरांचा आवाज दारातच ऐकू आला. “बीए झालीस ना गं? एवढं साधं जमंना तुला?”

टेबलावर नव्या फोनचं खोकं होतं. वहिनी घामाघूम होऊन तो नवा फोन चाळत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बरं झालं आलासा, अण्णा. तीन दिवस ह्येच्याच मागं हाय मी. सगळी सेटिंगं केली. ह्यो बी इमेजच म्हणतोय. मामंजी लई चिडल्यात. माझंच कायतरी चुकतंय बगा.”

“तुमचं काही चुकलेलं नाही, वहिनी,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. फॉन्ट, फोटो, बिरदेवकडं न जाणं, सगळं. “सर, आधीचा फोनही चांगला होता. मी दिलेल्या फाइलमध्ये एकही अक्षर नाही.”

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समोरचं खोकं हातानं बाजूला सारलं. मग म्हणाले, “यशोदा, इकडं ये.” वहिनी जवळ गेल्या. सरांनी चाचपडत त्यांचा हात धरला. “तीन दिवस तुला नको नको ते बोललो मी. तुझं काहीच चुकलं नव्हतं, पोरी. मला माफ कर.”

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्या खोट्यापायी सुनेची माफी मागत होता. धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं.

वहिनींनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं रागानं बघितलं. “वाचणारं पुस्तक कवा देताय, ते सांगा.”

“सगळं पुन्हा टाइप करावं लागेल. बिरदेवला विचारून करतो. दोन महिने तरी लागतील.”

“दोन म्हयनं,” त्या म्हणाल्या आणि सरांकडं बघत राहिल्या.

सरांनी घोटभर पाणी घेतलं. “अण्णा, पुस्तक तुम्हीच लावलं होतं. पहिलं पान कसं सुरू होतं, तेवढं तरी सांगा. मला आठवंना झालंय.”

आम्ही अक्षरं लावतो, पुस्तक वाचत नाही. “मलाही आठवत नाही, सर,” मी म्हणालो.

वहिनींनी फोनवरचा पहिला फोटो बोटांनी मोठा केला आणि त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. ती दोनशे चौदा पानं मी दोनदा हाताखालून घातली होती, आणि बाईंचं वाक्य आज पहिल्यांदा ऐकत होतो.